काळी नदीच्या काठावर राहून निसर्गचित्रं रंगवायची सुट्टी: दांडेली-गणेशगुडीला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पुण्यामुंबईकडचे बरेच जण विचारतात की दांडेलीला पेंटिंगसाठी जायचंय, कुठे राहू, काय काय नेऊ, कार्यशाळेबरोबर जाऊ का एकटा जाऊ. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतोय. दांडेलीची माहिती शोधली की राफ्टिंग, झिपलाइन, जकुझी हेच समोर येतं आणि चित्र काढणाऱ्या माणसाला जे लागतं ते कुठेच मिळत नाही, म्हणून हा लेख.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. नदीकाठच्या लॉजवर राहायचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे तीच जागा तुम्हाला रोज त्याच वेळेला मिळते. तो फायदा घ्यायचा असेल तर एक जागा धरा आणि तिथेच बसा. रोज नवा पॉइंट शोधत गाडीतून फिरणार असाल तर एवढ्या लांब जंगलात जाऊन राहायची गरजच नाही, मुळशीला किंवा वाईच्या घाटावर एका दिवसात जाऊन येता येतं.

१. आधी नदी समजून घ्या

काळी नदी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयडा तालुक्यातल्या डिग्गीजवळ उगम पावते आणि साधारण १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं आहेत. आपल्या कामाचं धरण सुपा, गणेशगुडीला आहे, उंची १०१ मीटर. गणेशगुडीपासून दांडेलीपर्यंतच्या नदीचं पाणी निसर्गाच्या मर्जीवर कमी आणि या धरणाच्या वीजघराच्या मर्जीवर जास्त चालतं. वीजनिर्मितीसाठी पाणी सोडलं की नदी चढते, बंद केलं की उतरते, पावसाळा नसला तरी.

याचा चित्राशी थेट संबंध आहे. सकाळी सातला तुम्ही समोरचे खडक बघून कॉम्पोझिशन ठरवता, तीन मोठे काळे दगड, मधून पांढरी धार, मस्त. दहा वाजता मान वर करून बघता तर दोन दगड गायब आणि तिसऱ्याचा फक्त माथा वर, आणि पांढरी धार होती तिथे आता गुळगुळीत हिरवं पाणी. म्हणून पोचल्या पोचल्या लॉजवरच्या माणसांना किंवा राफ्टिंगवाल्या पोरांना विचारा, "दादा, सध्या पाणी किती वाजता सोडतात?" त्यांचं सगळं काम त्यावरच असल्यामुळे त्यांना बरोबर माहीत असतं. आणि पाण्याची रेषा पहिल्या दहा मिनिटांत पेन्सिलने पक्की करून टाका, नंतर पाणी कितीही चढू दे, ती रेषा बदलायची नाही.

२. महिना निवडा

जून ते सप्टेंबर सोडून द्या. पाऊस प्रचंड, जळवा, आणि कागद वाळतच नाही.

ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर: सगळं हिरवंगार, सकाळी पाण्यावर धुकं, हवा छान. नवीन माणसाला हाच काळ सगळ्यात आवडतो पण रंगवायला हाच सगळ्यात अवघड, कारण समोर सगळा हिरवाच हिरवा असतो आणि टोन (फिक्या-गडद छटा) वेगळे काढता आले नाहीत तर चित्र पालकाच्या भाजीसारखं होतं.

जानेवारी ते मार्चचा मध्य: माझी पसंती ह्याला. इथलं बरंचसं जंगल पानझडी आहे, साग आणि बांबू भरपूर. जानेवारीपासून सागाची पानं तांबूस होऊन गळायला लागतात, मागच्या फांद्यांची जाळी दिसायला लागते, बांबू पिवळा पडतो, आणि काठालगतची झाडं मात्र पाण्यामुळे हिरवी राहतात. म्हणजे उबदार आणि थंड रंग निसर्गानेच वेगळे करून दिलेले. फेब्रुवारीत सावर फुलते, पाठोपाठ पळस. एप्रिल-मे मध्ये उकाडा फार, सकाळी नऊनंतर बाहेर बसवत नाही.

महिना कुठलाही असो, सोमवार ते गुरुवार जा. शनिवार-रविवारी, दिवाळीत आणि ३१ डिसेंबरच्या आठवड्यात नदीवर बोटी, आरडाओरडा, काही रिसॉर्टवर स्पीकर, तेव्हा चित्र होत नाही.

३. राहायची जागा

दोन भाग आहेत आणि दोन्हीकडची नदी वेगळी दिसते.

गणेशगुडीच्या बाजूला पाणी वेगवान, खडक, जंगल अगदी अंगावर आलेलं, आकाश कमी. दांडेली गावाच्या बाजूला पात्र रुंद, पाणी संथ, समोरचा काठ लांब, प्रतिबिंबं स्वच्छ. पहिल्यांदा जाणाऱ्याने दांडेलीची बाजू घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. खळाळतं पाणी रंगवणं सोपं वाटतं पण ते जमायला संथ पाणी आधी जमावं लागतं.

कर्नाटक सरकारच्या जंगल लॉजेसचा काळी अॅडव्हेंचर कॅम्प दांडेलीला नदीकाठीच आहे. त्यांचंच ओल्ड मॅगझिन हाउस गणेशगुडीला आहे, सुपा धरण बांधताना जिथे सुरुंगाची दारू ठेवायचे ती ही जागा. ती झाडीत आहे आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची फार लाडकी आहे, पण खोलीतून नदी दिसेल असं धरून जाऊ नका. बाकी खाजगी होमस्टे आणि रिसॉर्ट ढीगभर. त्यांच्या जाहिरातीत "रिव्हरसाइड" लिहिलेलं असतं पण नदी शेतापलीकडे असते, असं सर्रास होतं. बुकिंगआधी फोन करून हे विचारा:

- लॉजच्या आवारातूनच नदी दिसते का, आणि काठाजवळ सावलीत बसायला जागा आहे का? (फोटो मागवा, सकाळचा.)
- ती जागा पूर्वेला तोंड करून आहे का पश्चिमेला? हे त्यांना सांगता येत नसेल तर विचारा की सूर्य नदीच्या पलीकडून उगवतो का आपल्या मागून.
- सकाळी सहाला चहा मिळेल का?
- ओले कागद पसरून ठेवायला एखादी बंद खोली किंवा व्हरांडा आहे का?

आता सगळ्यात मोठा सापळा. इथली पॅकेजेस माणशी असतात, राहणं, जेवणखाण आणि अॅक्टिव्हिटी धरून. आणि अॅक्टिव्हिटी कधी असतात? जीप सफारी पहाटे आणि दुपारी उशिरा, बोट किंवा कोरॅकल (टोपलीसारखी गोल होडी) संध्याकाळी. म्हणजे चित्राचा जो उजेड, नेमका तोच ते तुमच्याकडून घेतात, आणि भर दुपारी डोक्यावर ऊन असताना तुम्हाला मोकळं सोडतात. पैसे भरलेत म्हणून माणूस सगळं करत बसतो आणि तीन दिवसांत एक धड चित्र होत नाही. बुकिंग करतानाच मॅनेजरला सांगा की आम्ही पेंटिंगला येतोय, एक सफारी करू, बाकीचं नको, त्याऐवजी नाश्ता काठावर आणून द्याल का? बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात.

४. कार्यशाळा की स्वतःचं स्वतः

महाराष्ट्रातले बरेच चित्रकार निवासी कार्यशाळा घेतात. पूर्वी कधीच बाहेर बसून काम केलं नसेल तर कार्यशाळेतून जाणं चांगलं, पैसे जास्त जातात पण डेमो डोळ्यासमोर बघायला मिळतो. फक्त पैसे भरण्याआधी विचारा की एका ग्रुपमध्ये किती जण, रोज डेमो किती वेळ आणि स्वतः काम करायला किती वेळ, आणि करेक्शन प्रत्येकाला मिळतं का. पंचवीस-तीस जणांच्या ग्रुपमध्ये जंगल गप्प राहत नाही आणि मास्तर तुमच्यापर्यंत पोचत नाहीत.

थोडाफार हात बसलेला असेल तर दोघं-तिघं मिळून जा. अगदी एकटं काठावर बसू नका, का ते पुढे येईल.

५. कसं पोचायचं आणि कागदपत्रं

पुण्याहून रस्त्याने साधारण ४२५ ते ४५० किलोमीटर. बेळगावपर्यंत हायवे, मग खानापूर मार्गे. दांडेलीला जायचं तर अळणावर, हल्याळकडून. गणेशगुडीला जायचं तर रामनगरकडून. रेल्वेने आलात तर लोंढा किंवा अळणावरला उतरा आणि लॉजवाल्यांना सांगून गाडी मागवा, तिथे आयत्या वेळी रिक्षा शोधण्यात फार वेळ जातो. गोव्याकडून येणाऱ्यांना अनमोड घाट, रामनगर असा रस्ता आहे. जंगलातला टप्पा अंधार पडायच्या आत पार होईल असं निघा.

भाषेची अडचण नाही. हल्याळ-जोयडा पट्ट्यात मराठी आणि कोकणी बऱ्याच जणांना येते, कन्नडमध्ये दोन शब्द बोललात तर जास्त आपुलकीने वागवतात.

सोबत ठेवायचं:
- प्रत्येकाचं आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स. परदेशी नागरिकत्व असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा किंवा ओसीआय कार्ड
- बुकिंगची पावती छापलेली, नेटवर्कच्या भरवशावर राहू नका
- सफारी घेणार असाल तर त्याचं कन्फर्मेशन
- रोख पैसे, दांडेली गावात एटीएम आहेत, पुढे जंगलात शोधू नका
- नेहमीच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी

हा सगळा परिसर काळी व्याघ्र प्रकल्पाचा. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळीचं नाव मिळालं. त्यामुळे "जरा आत जाऊन बसतो" हा प्रकार चालत नाही. आवाराबाहेर झाडीत ईझल (चित्राचा स्टँड) लावायचं असेल तर आधी लॉजमार्फत वनखात्याला विचारायचं. सफारीत जीपमधून उतरता येत नाही, तिथे फक्त छोटं स्केचबुक. ड्रोन घरीच ठेवा.

सिंथेरी रॉक्सला जावंसं वाटेल, जरूर जा, काणेरी नदीच्या काठावरचा तो अखंड प्रचंड कातळ बघण्यासारखाच आहे. पण तो पहिल्या दिवशी रंगवायला घेऊ नका. एवढ्या मोठ्या उभ्या भिंतीचं प्रमाण कागदावर आणणं कठीण, शिवाय ठराविक वेळेत बाहेर पडावं लागतं. पेन्सिल स्केचेस करा.

६. सामान

जलरंगच न्या. ऑइलवाल्यांनी रागावू नका, पण टर्पेंटाइन विमानात आणि रेल्वेत ज्वालाग्राही म्हणून चालत नाही, उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यात ते नकोच, आणि ओले कॅनव्हास परत आणायचे कसे हाही प्रश्न. अॅक्रिलिकचं धुतलेलं पाणी म्हणजे प्लास्टिक मिसळलेलं पाणी, ते तिथे ओतायला जागा नाही.

- कागद: ३०० जीएसएम, शक्यतो १०० टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत), पाव इंपीरियल (साधारण ११ x १५ इंच) किंवा त्याहून लहान. मोठा कागद जंगलात सांभाळता येत नाही. सरावासाठी स्वस्त सेल्युलोज कागदाचं पॅड वेगळं
- कागद झिपलॉक पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. दमट हवेत कागदाचं साइझिंग (रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेली खळ) बिघडतं आणि मग रंग वर न राहता आत शोषला जाऊन चट्टे पडतात. पावसाळाभर कपाटात पडलेला जुना कागद इथे आणू नका, घरी एक पट्टी रंगवून तपासून घ्या
- रंग: अल्ट्रामरीन, सेरुलियन किंवा कोबाल्ट, यलो ऑकर, गॅम्बोज, बर्न्ट सिएना, क्रिमसन, इंडिगो. आठवा हवाच तर सॅप ग्रीन. कॅमलचे आर्टिस्ट ट्यूब सुरुवातीला पुरेसे आहेत, स्टुडंट क्वालिटी मात्र टाळा, धुक्यातले फिके टोन त्यात मळकट येतात
- ब्रश: मोठ्या भागांसाठी एक मॉप (जाड, गोल) किंवा हेक (रुंद, चपटा), ८ आणि १२ नंबरचे गोल, बारीक रेषांसाठी एक रिगर
- बोर्ड, मास्किंग टेप, ४बी पेन्सिल, स्प्रे बाटली, सुती फडकं
- घडीचं स्टूल. खाली जमिनीवर बसायचं नाही
- झाकणाच्या दोन बाटल्या, एक स्वच्छ पाण्याची आणि एक घाणेरड्या पाण्याची
- टोपी, पूर्ण बाह्या, फुल पँट, मोजे, बूट. कपडे मातकट रंगाचे. पांढरा शर्ट घातला तर त्याचा उजेड कागदावर पडून टोन चुकतात

७. काठावर बसताना

हे नीट वाचा.

पात्रातल्या खडकावर जाऊन बसायचं नाही, कितीही सुंदर दृश्य दिसत असलं तरी. पाणी सोडलं की परत यायची वाट बंद होते आणि चित्रात गुंतलेल्या माणसाला ते कळत नाही.

दांडेलीच्या बाजूला नदीत मगरी आहेत. संथ, खोल पाणी आणि मातीचा उतार, जे आपल्याला रंगवायला आवडतं तेच त्यांना आवडतं. पाण्यापासून चांगलं लांब आणि उंचावर बसा, आणि ब्रश किंवा पॅलेट धुवायला नदीवर वाकू नका. पाणी लॉजवरून बाटलीत न्यायचं आणि घाणेरडं पाणी बाटलीतच परत आणायचं. कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग विषारी असतात, ते नदीत जाऊ नयेत म्हणूनही हे करायचं.

गोचिडी. कोरड्या महिन्यांत पाचोळ्यात असतात. माकडताप हा त्यांच्यामार्फत पसरणारा आजार उत्तर कन्नडमध्ये आहे, दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. पाचोळ्यावर बसू नका, पिशवी खाली ठेवू नका, पँट मोज्यात खोचा, आणि परत आल्यावर आंघोळ करून अंग तपासा. घरी गेल्यावर ताप आला तर डॉक्टरांना जंगलात जाऊन आल्याचं सांगा.

माकडं पिशवी उचकतात. खाऊ उघडा ठेवू नका.

८. चित्राचा दिवस

पहिली संध्याकाळ: रंग काढूच नका. काठाने फिरा आणि काडेपेटीएवढी पाच-सहा थंबनेल्स (छोटी कच्ची स्केचेस) करा, फक्त तीन टोन, पांढरा, मधला, गडद. त्यातलं जे लांबून बघितल्यावरही कळतं ते निवडा. ती तुमची जागा.

सकाळ, उजाडल्यापासून आठपर्यंत. धुक्यात समोर तीन पडदे दिसतात: मागचा डोंगर, समोरच्या काठाची झाडं, जवळचा बांबू. ह्या वेळी हवेत इतका ओलावा असतो की पहिला वॉश (पातळ रंगाचा सलग थर) वाळायला घरच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. नवीन माणूस वैतागून फुंकर मारत बसतो. उलट याचा फायदा घ्या: आकाश आणि पाणी एकाच फिक्या वॉशमध्ये टाका, ऑकर आणि किंचित क्रिमसन, वर सेरुलियन, आणि कागद ओला असतानाच मागच्या डोंगराचा रंग त्यात सोडा, कडा आपोआप विरघळते. मधली झाडं जरा घट्ट रंगात, कागदाची चमक जात आली की. आणि मग थांबा. चहा प्या. बांबूला हात लावायचा नाही, ऊन वर येऊन कागद पूर्ण वाळेपर्यंत नाही, कारण जवळचा बांबू कडक कडेने आला तरच मागचं धुकं धुकं वाटतं. मधेच एखादा धनेश नदी ओलांडून जातो, पंखांचा सू-सू आवाज आधी ऐकू येतो, बघून घ्या, पण चित्रात घालायच्या मोहात पडू नका.

प्रतिबिंबाचे नियम तीनच. वस्तूच्या बरोबर खाली पडतं, तिरकं नाही. गडद वस्तूचं प्रतिबिंब किंचित उजळ आणि उजळ वस्तूचं किंचित गडद. आणि तुम्ही उंचावर बसलात तर मागचा डोंगर पाण्यात कमी दिसतो, पाण्याच्या पातळीजवळ असाल तर जवळजवळ पूर्ण. तिसरा नियम बहुतेकांना माहीत नसतो, ते डोंगर जसाच्या तसा उलटा काढतात आणि मग काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही.

हिरव्याबद्दल: ट्यूबमधला हिरवा तसाच वापरू नका. उन्हातला हिरवा गॅम्बोज आणि थोडं अल्ट्रामरीन, सावलीतला इंडिगो आणि बर्न्ट सिएना, लांबचा हिरवा तर निळा-राखाडीच. एका पट्टीवर आधी हे तिन्ही करून बघा आणि ती पट्टी डोळ्यासमोर धरून झाडाशी ताडून पाहा.

साडेनऊनंतर सावल्या बदललेल्या असतात, काम थांबवा. सकाळचं चित्र अर्धं राहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्याच स्टुलावर बसून पुरं करा. मी सुरुवातीला म्हटलेला जो फायदा, तो हाच. दुपारी जेवा, झोपा, किंवा व्हरांड्यात बसून एखाद्याच झाडाचा अभ्यास करा, सागाचं एक मोठं पान पुढे ठेवून रंगवलं तरी दुपार सत्कारणी लागते. चारनंतर पुन्हा काठावर, पण दुसरा कागद. सकाळच्या कागदावर संध्याकाळचा उजेड घालायचा नाही.

कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हेच काठ पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. पाणी आणि त्यावरचा उजेड यांचा अभ्यास कसा करतात हे बघायचं असेल तर जायच्या आधी त्यांची चित्रं जरूर बघून घ्या.

९. किती दिवस आणि परत येताना

निदान तीन रात्री घ्या. पहिला दिवस जागा शोधण्यात जातो, दुसऱ्या दिवशी हात बसतो, तिसऱ्या दिवशीचं चित्र जरा बरं येतं. दोन रात्रींचं पॅकेज स्वस्त दिसतं पण त्यात प्रवासाचा थकवाच उतरत नाही.

निघायच्या आदल्या रात्री नवीन वॉश टाकू नका, सकाळपर्यंत वाळणार नाही. सगळे कागद पंख्याखाली पूर्ण वाळवा, मधे बटर पेपर घालून दोन बोर्डांमध्ये टेपने बांधा, आणि गाडीच्या डिकीत नाही तर सीटवर आडवे ठेवा. घरी आल्यावर लगेच बाहेर काढून एक दिवस मोकळ्या हवेत ठेवायचे, नाहीतर जंगलातली ओल आत राहते आणि महिन्याभरात बुरशीचे ठिपके दिसायला लागतात. आणि वापरलेला टेप, ट्यूबची झाकणं, टिश्यू, सगळा कचरा पिशवीत भरून बरोबर परत आणा, लॉजच्या डब्यात टाकलेला कचरा माकडं बाहेर काढतात.